धुवायला नेलेला बैल

मी बैल आहे, पण गोठ्यातला नाही. माझ्या नाकात वेसण नाही, खांद्यावर जू पडलं नाही, कडब्याची चव मला ठाऊक नाही. सागाच्या लाकडातून कोरून चार चाकांवर उभा केलेला, दोरी धरून ओढायचा, पोरांच्या खेळातला बैल मी. सध्या माझा मुक्काम धाडच्या एका शाळेमागच्या खोलीत, भिंतीलगतच्या खालच्या फळीवर आहे. एवढी वर्षं मी ऐकतच आलो. पोरं बोलायची आणि मी ऐकायचो. आज मला बोलायचंय, तुम्ही जरा बसा.

कचरू मिस्त्रीनं मला घडवलं. धाडच्या बाजाराला जाताना वाटेवर त्याची पडवी होती. तिथं तो दारं-खिडक्या करायचा, वखर-तिफणी दुरुस्त करायचा, आणि पोळा जवळ आला की उरलेल्या तुकड्यांतून बैल कोरायचा. मी एका जुन्या चौकटीचा तुकडा होतो. शिंगं आखूड झाली, कारण लाकूडच तेवढं होतं. पण मान त्यानं वेगळी केली आणि खिळ्यावर अशी बसवली, की दोरी ओढली की ती खालीवर हलायची. गिऱ्हाईक विचारायचं, एवढी मेहनत कशाला? कचरू म्हणायचा, पोरगं याच्याशी बोलन, तं यानं हो तरी म्हनलं पाहिजे.

त्या दिवशी बाजार उठता उठता वच्छलाबाई आली. वांगी-मिरच्यांची टोपली रिकामी झाली होती. तिनं सगळे बैल हातात घेऊन पाहिले, दोरी धरून ओढून पाहिले आणि मला उचललं. टोपलीत घालून डोक्यावर घेतलं. असा मी तिच्या पोराच्या, राजकुमारच्या हाती आलो.

राजकुमार तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागला होता. अंगणात पाणी ओतून तो चिखल करायचा आणि काडीचा नांगर मला बांधून मळा कसायचा. बाप बैलांना जे जे बोलायचा ते सगळं, शिव्यांसकट, तो मला बोलायचा. एकदा बापानं त्याला फार मारलं. रडत रडत तो गोठ्यामागे गेला, मला समोर उभं केलं आणि त्याच शब्दांत, त्याच आवाजात मला दटावलं, वर दोन चापट्याही ठेवून दिल्या. नंतर घरातून तेल आणून त्यानं माझा खांदा चोळला. तेव्हापासून मला एक कळत आलंय. पोराच्या मनात जे मावत नाही, ते ते खेळात आणून ठेवतं, उलटसुलट करून पाहतं आणि जमेल तसं परत उचलतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो. राजकुमार मला बेगड लावून, गळ्यात माळ घालून पारापर्यंत ओढत न्यायचा. खडबडीत रस्त्यावर माझी मान अशी हलायची की बायाबापड्या हसायच्या.

मग तो मोठा झाला. भांडण झालं नाही, निरोपही झाला नाही. एका दिवाळीच्या साफसफाईत मी माळ्यावर गेलो एवढंच. तिथं अंधार होता आणि फुटक्या पाट्या होत्या. खालचं घर मला फक्त ऐकू यायचं. राजकुमारचा आवाज फुटला ते ऐकलं. त्याच्या बापाच्या जाण्याचं रडणं ऐकलं. त्याच्या लग्नातलं सनई-चौघड्याचं भोंग्यावरचं गाणं ऐकलं. गोठ्यातली बैलजोडी विकली त्या दिवशी घंटांचा आवाज रस्त्यानं लांब लांब गेला, आणि पुढं अंगणात ट्रॅक्टर घरघरू लागला. त्या सगळ्या वर्षांत एकच वाटायचं, कोणीतरी दोरी धरावी.

धरली. राजकुमारच्या पोरीनं, समीक्षानं. ती रांगायची थांबून चालायला लागली तसं राजकुमारनं मला खाली काढलं, धुतलं, रंग दिला. एक चाक उंदरांनी कुरतडलं होतं, तिथं त्यानं तेलाच्या डब्याचं झाकण बसवलं. म्हणून मी थोडा लंगडत चालायचो. समीक्षाला त्याचं काही वाटलं नाही. तीही तेव्हा लंगडतच चालत होती.

पाठोपाठ राम झाला. मग काय विचारता. समीक्षा सांगायची आणि राम करायचा. तिनं शाळा काढली की मी आणि राम विद्यार्थी. दवाखाना काढला की मी पेशंट, माझ्या पायाला सुचिताच्या जुन्या साडीची चिंधी. सुचिता म्हणजे त्यांची आई, मलकापूरकडची. तिचं माहेर लांब, म्हणून पोरं बरेचदा माझी एसटी करून मलकापूरला जायची. राम कंडक्टर. "मोताळा, मोताळा" असं वाटेतल्या गावाचं नाव ओरडत तो ओट्याच्या कडेला मला थांबवायचा. सामान काय घ्यायचं, पुढं कोण बसणार, मामाच्या घरी पोचल्यावर काय म्हणायचं, सगळ्याची आधी चर्चा व्हायची. आकडे राम माझ्या चाकांवर शिकला. तीनपर्यंत नीट मोजायचा, मग झाकणाच्या चाकापाशी येऊन म्हणायचा, "आन् हे लंगडं." समीक्षा चिडायची, चार म्हण म्हणायची. तो म्हणायचाच नाही.

आणि तो मला विचारायचा फार. भूक लागली का? झोप आली का? ताई चांगली हाये का? दोरी ओढायचा, माझी मान हलायची. कचरू मिस्त्रीनं केलेल्या त्या मानेचं सार्थक त्या पोरानं केलं.

आता पुढचं सांगायला मला जड जातं. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

पोळ्याचा दिवस होता. गावातली उरलीसुरली बैलं ओढ्यावर धुवायला चालली होती, पोरं मळ्यातल्या घराच्या ओट्यावरून बघत होती. समीक्षा माझ्यासाठी झूल शिवत बसली होती. आपल्या हातानं, खऱ्या सुईनं, म्हणून तिला मान वर करायला फुरसत नव्हती. तिनं मला पाहिलं. मी धुळीनं मळलो होतो.

"राम, जाय," ती म्हणाली, "बैल धुवून आन."

घराच्या मागं हौद होता. ती दोघं मला नेहमी तिथंच धुवायची. तिच्या मनात तोच हौद होता. पण राम बैलांना ओढ्याकडे जाताना बघून बसला होता, त्याला मोठं पाणी हवं होतं. मळ्याच्या वरच्या अंगाला शेततळं होतं, काळ्या प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. त्याला तारेचं कुंपण होतं, फाटकही होतं. सकाळी पाण्याची मोटार काढताना ते उघडलं होतं, आणि ते तसंच राहिलं होतं.

रामनं मला काठावर ठेवलं, मग मी जरा पुढं सरकलो, मग तो माझ्यामागं आला. त्या कागदावर पाय ठरत नाही. मोठ्या माणसाचाही ठरत नाही.

मी पाण्यावर तरंगत राहिलो. लाकडाला बुडता येत नाही. माणसं धावत आली तेव्हा पहिल्यांदा त्यांना मीच दिसलो.

त्यानंतरचे दिवस मी घरामागच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात काढले. कोणी फेकलं, मला माहीत नाही. एवढं आठवतं, की एका दुपारी सुचिता आली, तिनं काड्या बाजूला केल्या आणि मला काढलं. माझी दोरी तिनं हातात धरून ठेवली होती. जिथं रामची मूठ असायची तिथं ती काळपट झाली होती. तिनं मला पदराखाली धरून घरात नेलं आणि पेटीत, तिच्या लग्नाच्या शालूखाली ठेवून दिलं.

घरात वच्छलाबाईंचा एकच धोशा होता. "खेळानंच घात केला व माय. आता या घरात खेळ नको." आणि खरोखरच खेळ बंद झाला. समीक्षाची भातुकली, दोरीउडीची दोरी, चिंध्यांच्या बाहुल्या एका पोत्यात भरून पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. कोणी पोरगी हाक मारायला आली तर तिला दारातूनच परतवून लावायचे. राजकुमार कोणाशी बोलत नव्हता. पहाटे कामावर बाहेर पडायचा, अंधार पडता घरात यायचा. शेततळ्याच्या फाटकाला त्यानं कुलूप घातलं होतं, आणि येता-जाता तो ते कुलूप ओढून पाहायचा.

समीक्षा बोलायची थांबली. एकदम नाही. आधी शाळेत थांबली, मग घरी. सांगितलेलं काम करायची, वाढलेलं खायची, पाढे लिहायची. पण तोंडातून शब्द नाही. पेटीत पडल्या पडल्या मी तिच्या पावलांचा आवाज ओळखायचो, तिचा आवाज मात्र ऐकायला मिळत नव्हता. गावात कोणी म्हणालं वारं लागलं, कोणी म्हणालं देवाला न्या. नेलंही. शेवटी तिच्या वर्गाच्या बाईंनी सुचिताला सांगितलं, की धाडला शाळेमागच्या खोलीत आठवड्यातून एकदा धम्मशीलाताई येतात. समुपदेशन करतात. त्यांच्याकडे पोरं खेळतात, एकदा नेऊन तरी पाहा.

खेळतात म्हटल्यावर घरात नाही म्हणाले असते. सुचितानं बाजाराचं निमित्त केलं. तीन-चार बाजार ती पोरीला घेऊन तिकडे जाऊन आली. मग एके दिवशी तिनं पेटी उघडली, मला पिशवीत घातलं, वर कोथिंबीर ठेवली.

ताईंची खोली लहान होती. खाली सतरंजी, एका लाकडी पेटीत वाळू, एक पाण्याचं पसरट टोपलं, फळ्यांवर खेळणी. मातीचं माणूस, प्लास्टिकचा दवाखाना, पोलीस, साप, चूल, तुटकी आगगाडी. मोठी माणसं आली की त्यांना वाटायचं, कुठल्या तरी घरचा पसारा आणून ठेवलाय. सुचितानं मला बाहेर काढलं आणि सांगायला गेली. तिला सांगता येईना. ताईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग सगळं ऐकून घेतलं.

"मलाही नक्की सांगता येत नाही, सुचिताताई," त्या म्हणाल्या. "याला बघून ती आणखी मिटून जाईल असंही होऊ शकतं. आपण तिच्या हातात देऊ नये. फळीवर ठेवू. घ्यायचा का नाही, ते तिचं तिनं ठरवावं."

म्हणून मी या फळीवर आलो, साप आणि आगगाडीच्या मधे.

समीक्षा आली. दारातच तिनं मला पाहिलं. ती इतकी स्थिर उभी राहिली की मला वाटलं आता वळून पळणार. पळाली नाही. आत आली, माझ्याकडे पाठ करून बसली आणि वाळूत रेघा ओढत राहिली. ताई तिच्या बाजूला नुसत्या बसल्या. त्यांनी काही विचारलं नाही. मधूनच म्हणायच्या, लांब रेघ झाली, आता एक आडवी झाली. बस, एवढंच.

कितीतरी वेळा असंच गेलं. ती यायची, पाठ करायची, वाळूत हात घालायची. मी तिच्या वेणीकडे बघत राहायचो. इतक्या जवळ असून माझी दोरी तिच्या हातात नव्हती. माळ्यावरच्या सगळ्या वर्षांपेक्षा ते दिवस मला लांब वाटले.

दरम्यान घरी कळलंच. राजकुमार एकदा ट्रॅक्टर बाहेर उभा करून तडक खोलीच्या दारात आला. समीक्षा वाळूत खड्डा करत होती. तो दारातूनच बोलला. रागानं नाही, थकलेल्या माणसासारखा.

"मॅडम, पोरगी बोलत नाही म्हनून तुमच्याकडं आनली. तुम्ही तं तिले खेळवूनच राह्यल्या. आमच्या घरात खेळानं काय झालं ते मालूम हाये ना तुमाले?"

ताई उठून दाराशी गेल्या. "माहीत आहे, भाऊ. तिला काहीतरी सांगायचंय, पण सांगायला शब्द हाताशी नाहीत. ती ते या वाळूत मांडून राहिली. अर्ध्यावर उठवू नका तिला."

राजकुमारची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. त्यानं मला ओळखलं. तो ट्रॅक्टरकडे गेला, पण पोरीला घेऊन गेला नाही.

त्यानंतरच्या खेपेला समीक्षानं मला उचललं.

तिचे हात मोठे झाले होते. तिनं मला वाळूत पुरलं. पार शिंगांपर्यंत. मग काढलं. मग पुन्हा पुरलं. ताई हळूच म्हणाल्या, बैल दिसेनासा झाला. बैल बाहेर आला. तेवढा सबंध वेळ तेच. पुढच्या वेळी तिनं मला पाण्याच्या टोपल्यात टाकलं. मी तरंगलो. तिनं दाबून मला खाली नेलं, हात काढला, मी वर आलो. पुन्हा दाबलं, पुन्हा वर आलो. तिनं मला काढून भिंतीवर फेकलं. झाकणाचं चाक निखळून गरगरत दाराशी गेलं.

ताई रागावल्या नाहीत. "बैलाचा फार राग आलाय," त्या म्हणाल्या. "बैल वर येतो, त्याचा राग आलाय." चाक उचलून त्यांनी तिच्या हाताजवळ ठेवलं.

मला लागलं नाही. खरं सांगतो, तिनं आणखी दहा वेळा फेकलं असतं तरी चाललं असतं. माझ्या शिंगाचा टवका गेला आणि तिच्या डोळ्यांत, त्या पोळ्यानंतर पहिल्यांदा, पाणी आलं.

नंतर एके दिवशी तिनं मातीचं छोटं माणूस घेतलं. माझी दोरी त्याच्या हाताला गुंडाळली. एक मोठी बाहुली दूर, सतरंजीच्या कडेला बसवली, तिच्या मांडीवर कापडाचा तुकडा दिला. मी ओळखलं. ती झूल होती. समीक्षा त्या बाहुलीकडे बघत राहिली. मग तिनं मातीच्या माणसाला आणि मला टोपल्याच्या काठावर नेलं आणि तिथंच थांबली. तिचा हात पुढं जाईना.

ताईंनी विचारलं, "ही बाहुली काय म्हणते?"

मग समीक्षानं माझी दोरी ओढली. माझी मान हलली. तिनं पुन्हा ओढली. मी पुन्हा हो म्हणालो. आणि तिचा आवाज आला, गंजलेल्या कडीसारखा.

"ती म्हनते, जाय, बैल धुवून आन."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "म्यानंच सांगतलं व्हतं त्याले."

एवढ्याशा पोरीनं एवढे महिने हे एकटीनं धरून ठेवलं होतं. घरात सगळे म्हणत होते खेळानं घात केला, आणि खेळ तर तिनं मांडला होता. तोंड उघडलं तर हेच बाहेर पडेल म्हणून तिनं तोंडच बंद केलं होतं.

ताईंनी तिला जवळ घेतलं नाही, समजावलंही नाही. आधी विचारलं, हे आई-बाबांना सांगायचं का? तू सांगशील का मी? समीक्षानं बोट माझ्याकडे केलं.

म्हणून पुढच्या खेपेला राजकुमार आणि सुचिता दोघं सतरंजीवर बसली होती. राजकुमारला खाली बसायला अवघडल्यासारखं होत होतं. गुडघे कुठं ठेवावे ते त्याला समजत नव्हतं. ताईंनी त्या दोघांना एवढंच सांगितलं होतं, की पोरगी जे दाखवील ते पाहा, मधे बोलू नका. समीक्षानं पुन्हा तेच मांडलं. बाहुली, कापड, मातीचं माणूस, पाणी. माझी दोरी ओढली आणि बाहुलीचं वाक्य म्हणाली. मग मान खाली घालून बसली.

सुचितानं तोंडाला पदर लावला. राजकुमारनं मात्र हात पुढं केला आणि मला उचललं. ते हात मला ठाऊक होते. अंगठा नेमका माझ्या खांद्यावर आला, तेल चोळायचा तिथं. त्यानं मला आपल्या मांडीजवळ ठेवलं, बाजूला खेळायला ठेवलेल्या रिकाम्या आगपेट्या घेतल्या, टोपल्याभोवती एकेक उभी केली. कुंपण केलं. एका ठिकाणी जागा सोडली.

"हे फाटक," तो म्हणाला. "हे म्या उघडं ठेवलं व्हतं. मोटार काढून आनली आन् लावाचं राहून गेलं."

समीक्षा मान वर करून बापाकडे बघू लागली.

"तू त्याले धुवाले सांगतलं व्हतं, बाई," तो म्हणाला. "बुडाले नाही सांगतलं."

ती उठून त्याच्या मांडीत जाऊन बसली. इतकी मोठी पोरगी, पाय बाहेर येत होते. मी दोघांच्या मधे दाबला गेलो होतो. माझं आखूड शिंग राजकुमारच्या पोटाला टोचत असणार, पण त्यानं मला काढलं नाही.

घरी काय झालं ते मी पाहिलं नाही. समीक्षा ताईंना सांगायची, ते ऐकलं. बाबानं आजीला फाटकाचं सांगितलं. आजी दोन दिवस धड जेवली नाही. मग तिनं विळ्यानं पोत्याची सुतळी कापली आणि भातुकली अंगणात ओतली. एकेक भांडं राखेनं घासून दिलं. समीक्षा म्हणाली, "आजीले खेळता येतच नाही. ती खरंच कनिक मळते." हे सांगताना ती हसली. मी ते हसू जपून ठेवलंय.

ती पुढंही काही दिवस येत राहिली. वाळूत आता मळे व्हायचे, वाफे व्हायचे, त्यात आगगाडी पळायची. कधी कधी मधेच ती मातीच्या माणसाला झोपवायची, वर कापड घालायची, त्याच्याजवळ बसायची. ताई तिला बसू द्यायच्या. मग ती उठायची, हात झटकायची, दुसरं काही मांडायची. रामची आठवण संपली नाही, संपायचीही नाही. पण आता ती तिच्या अंगावर बसून राहत नव्हती. यायची, थोडी थांबायची, जायची.

शेवटच्या दिवशी ताईंनी तिला विचारलं, बैल घरी न्यायचा का? तो तुझाच आहे.

मी वाट पाहत होतो. घरी जायचं, अंगण, ओटा, एसटी, मामाचं गाव. समीक्षानं माझं निखळलेलं चाक स्वतः खिळा मारून बसवलं होतं. तिनं मला हातात घेऊन उलटं केलं, चाक फिरवून पाहिलं. मग परत फळीवर ठेवलं.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "दुसरं कोनी येईन, त्याले लागंन."

तिनं बरोबरच केलं. पण लाकडालाही वाईट वाटतं, एवढं मी सांगू शकतो.

तेव्हापासून मी इथं आहे. खूप पोरं आली. कोणी मला घोडा केलं, कोणी कुत्रा. एकानं मला दारूडा बाप केलं आणि मार मार मारलं, मग माझ्या अंगावर रुमाल घातला. एक पोरगी मला शिक्षक करून पाढे विचारायची. मी सगळं होतो. मान हलवतो. माझा रंग उडालाय, बेगडाचा एक तुकडा पोटाखाली कुठं तरी चिकटून आहे. कधी कधी पोरांचे आईबाप दारात उभे राहून विचारतात, हिथं नुसतं खेळतातच का? ताई आजही उठून दाराशी जातात आणि त्यांना समजावून सांगतात.

मधे एकदा समीक्षा आली होती. हायस्कूलच्या पोशाखात, सायकलवरून. ताईंना काही द्यायचं होतं. उंच झालीय. खोलीत ती माझ्याजवळ आली, मला वाटलं आता दोरी धरेल. तिनं धरली नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, कुणीतरी तसाच ठेवलेला. तिनं मला हळूच फिरवलं आणि खिडकीकडे तोंड करून ठेवलं. मग गेली.

तिच्यामुळे आता मला शाळेचं मैदान दिसतं. शाळा सुटल्यावर गावातली पोरं तिथं जमतात. विटी-दांडू, पकडापकडी, धुळीत काढलेली घरं. भांडतात, रडतात, पुन्हा डाव मांडतात. त्यांच्यात मी रोज एक चार वर्षांचा पोरगा शोधतो. तो तिथं नसतो हे मला माहीत आहे, तरी शोधतो. त्याचा डाव अर्धा राहिला, म्हणून या सगळ्यांचे डाव पुरे व्हावेत असं फार वाटतं.

दिवस कलला की पलीकडच्या घरांतून हाका सुरू होतात. अभ्यासाला या, जेवायला या, पुरे झालं आता. तुम्हीही अशीच हाक मारत असाल. माझं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. तुमच्या विहिरींना, तळ्यांना, फाटकांना आठवणीनं कड्या घाला. आणि मग थोडं दारातच थांबा. अजून उजेड आहे.